दोन पायऱ्यांची सीट

माझी उंची चार फूट अकरा इंच. बाबांच्या मोटरसायकलची सीट जमिनीपासून एकतीस इंच. या दोन आकड्यांचं भांडण अकरा वर्षं चाललं आणि ते मिटवायला साडेतीन आठवडे लागले. त्या साडेतीन आठवड्यांबद्दल लिहिते आहे.

एकोणीस वर्षांची असताना दिल्ली कँटोन्मेंटमध्ये, आमच्या क्वार्टर्सच्या मागच्या मैदानात, मी ती गाडी पहिल्यांदा चालवली. चालवली म्हणजे सरळ रेषेत दीडशे पावलं नेली. वळायला थांबले, पाय खाली टाकला, तर खाली जमीनच नव्हती. माझ्या पायांची बोटं कशीबशी टेकत होती. पावणेदोनशे किलोची गाडी हळूच उजवीकडे झुकली आणि मी तिच्याखाली. गरम सायलेन्सरचा डाग उजव्या पोटरीवर अजून आहे. बाबांनी आधी गाडी उचलली, मग मला. चावी खिशात घातली आणि म्हणाले, "पाय पुरत नाहीत, तोवर विषय बंद." एकोणिसाव्या वर्षी माणूस आणखी वाढत नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

बाबा मिलिटरीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून सैन्यात आले आणि गाड्यांत रमले. ही गाडीही मिलिटरीचीच, निकालात काढलेली. लिलावात त्यांनी ती घेतली, हिरव्याची काळी केली आणि पुढची वीस वर्षं तिला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. पुढे स्प्रिंगांवरची एकट्याची सीट, मागे मडगार्डवरच बोल्टांनी बसवलेली एक चौकोनी गादी, तिच्यावर आई.

गाडीची सेवा करण्याची त्यांची एक पद्धत होती आणि ती कधी बदलली नाही. गाडी मधल्या स्टँडवर चढवायची. शेजारी जुनी चादर अंथरायची. जे जे सुटेल ते सुटल्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडायचं. मग तपासणी, मोजमाप, तेलपाणी, सगळं गाडी स्टँडवर असतानाच. आणि शेवटी गाडीची वही. सैन्यात प्रत्येक गाडीला जशी असते तशी: तारीख, मीटरवरचा आकडा, कुठे गेली, कशासाठी, आणि शेवटच्या रकान्यात चालकाची सही. भाजी आणायला गेले तरी बाबा त्या रकान्यात सही करत. आई म्हणायची, "स्वतःच चालवणार, स्वतःच सही करणार, वाचणार कोण?" मी वाचायची. याद्या करायची सवय मला तिथूनच लागली. ऑफिसात मला 'यादीवाली मॅडम' म्हणत, आणि त्याचा मला कधी राग आला नाही.

बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही नोएडाला फ्लॅट घेतला. सेक्टरला नंबर होता, घराला नंबर होता, रस्त्याला अजून दिवे नव्हते. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात अप्पर डिव्हिजन क्लार्क, वय तीस, लग्नाचा विषय घरात दर दिवाळीला निघायचा आणि मिटायचा. ऑफिसला जायला चार्टर्ड बस. सकाळी आठला दहा मिनिटं कमी असताना ती चौकातून सुटायची. आपली जागा ठरलेली, शेजारीण ठरलेली, तिचं विणकाम ठरलेलं. चुकली की तीन बस बदलायच्या. आणि संध्याकाळी ऑफिसात उशीर झाला तर रिक्षावाले यमुनेपलीकडे यायला नकार द्यायचे. "नोएडा? नहीं जी," एवढंच, आणि पुढे.

ते दिवस असे होते की आमच्या चौकात दर महिन्याला एक नवीन शोरूम उघडत होतं. माझ्या मामाने स्कूटरसाठी नंबर लावला होता तेव्हा त्याचं लग्न ठरायचं होतं, आणि गाडी हातात आली तेव्हा त्याचा मुलगा बालवाडीत होता. आता सकाळी जा, संध्याकाळी गाडी घेऊन या. जपानी इंजिनाच्या शंभर सीसीच्या हलक्या गाड्या, चकचकीत, एका सरळ रेघेत लांब सीट असलेल्या. टीव्हीवर त्या डोंगर चढायच्या.

त्याच वर्षी बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट जमलं नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. बाबांनी एका शब्दाने वाद घातला नाही. गाडी बाल्कनीखाली झाकून ठेवली, दर रविवारी चादर अंथरून पुसू लागले. आणि एक दिवस करोल बागचा एक व्यापारी गाडी बघून गेला. जुन्या गाड्या घेऊन, सजवून, परदेशी पाहुण्यांना विकायचा त्याचा धंदा होता. जेवताना बाबांनी सांगितलं, "महिनाअखेरीला येऊन घेऊन जाईल. शब्द दिलाय."

मी भाकरी मोडता मोडता थांबले. "मला विचारलं नाहीत."

"तुला काय विचारायचं? तू चालवणार आहेस का?"

"हो."

आईने वरणाचं भांडं खाली ठेवलं. "अगं, ती बिनगिअरची स्कूटर घे ना. बटण दाबलं की सुरू. समोरच्या मिसेस खन्नांच्या सुनेने घेतली, बघ कशी भुर्रकन जाते."

"हिच्यावरून पडले होते ना मी? मग हीच चालवणार."

"हा काय हट्ट झाला?" आई म्हणाली.

बाबा मात्र माझ्याकडे बघत होते. त्यांचा बरा डोळा थोडा बारीक झाला होता. वर्कशॉपात कोणी रजा मागायला आला की ते असेच बघत असावेत. म्हणाले, "पोरी, रडून चावी मिळायची नाही. अटी ऐकायच्या असतील तर लिहून घे."

मी उठून वही आणली. अटी तीन. गाडीवर बसून दोन्ही पाय पूर्ण, टाचेसकट, जमिनीला टेकले पाहिजेत. गाडी एकटीने मधल्या स्टँडवर चढवता आली पाहिजे. आणि बाबांना मागे बसवून नोएडाहून कँटोन्मेंटच्या कँटीनपर्यंत नेऊन, महिन्याचं सामान घेऊन, परत आणलं पाहिजे. वाटेत गाडीमुळे कुठेही थांबायचं नाही. मुदत महिनाअखेरीपर्यंत, म्हणजे अडीच आठवडे. नाही जमलं तर व्यापाऱ्याची गाडी.

"सही," बाबा म्हणाले. मी केली. त्यांनीही केली. आई म्हणाली, "झालं दोघांचं सरकारी काम? आता जेवा."

दुसऱ्या दिवशी मी भिंतीला पाठ लावून, पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक घट्ट धरून माझे पाय मोजले. चपटे बूट घालून सत्तावीस इंच. म्हणजे सीट चार इंच खाली यायला हवी. हिशेब सोपा होता. स्प्रिंगा काढल्या तर दोन इंच, पातळ फोम वापरला तर एक, आणि पुढचं टोक अरुंद केलं की मांड्या कमी फाकतात, त्यात एक इंच वसूल. मी यादी केली. सव्वीस कामं झाली. प्रत्येक कामापुढे दोन चौकोन: एक माझ्या सहीसाठी, एक बाबांच्या तपासणीसाठी. ही कल्पना त्यांचीच. "काम करणारा वेगळा, तपासणारा वेगळा. सही दोघांची."

शनिवारी सुट्टी होती. करोल बागेत गाड्यांच्या सामानाच्या गल्लीत, हँडल आणि हेडलाइटच्या माळा लटकवलेल्या दुकानांच्या मागे एक सीट बनवणारे मास्टरजी बसायचे. साठीचे असतील. तोंडात टाचण्या, मांडीवर रेक्झिन. मी कागदावर काढलेलं चित्र त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी टाचण्या काढल्या, चित्र उलटं-सुलटं करून पाहिलं.

"बेटा, पुरानी गाडी है. दो सीढी की सीट बना देता हूँ. आगे नीची, पीछे ऊँची. आराम से बैठोगी."

"नहीं मास्टरजी. सीधी लाइन चाहिए. एक सीट, आगे से पीछे तक बराबर. जैसी नई गाडियों में आती है."

"नई गाडी का ढाँचा भी नया होता है."

"पीछे मडगार्ड नीचे करवा लूँगी. फिर तो बैठेगी?"

त्यांनी खांदे उडवले. "बैठेगी. सुई-धागा मेरा, लोहा तुम्हारा."

इथे मला एक कबुली द्यायची आहे. सरळ रेघेची गरज पायांना नव्हती. मी पुढच्या भागावर बसणार होते, आणि तो भाग मडगार्डच्या पुढे, टाकी आणि मडगार्डच्या मधल्या मोकळ्या जागेत होता. तो हवा तितका खाली आणता आला असता. सरळ रेघ मला हवी होती ती शोरूममधल्या गाड्यांसारखी दिसायला. जुनी गाडी मी चालवणार, तर ती कोणाला जुनी वाटू नये. हे मी यादीत लिहिलं नव्हतं.

मडगार्डचं काम आमच्या सेक्टरच्या बाजारात पत्रा ठोकणाऱ्या एका डेंटरकडे दिलं. बाबा माझ्यासोबत आले, हातात काठी, डोळ्यावर काळा चष्मा. डेंटरने बर्नर लावून मडगार्डचा काळा रंग जाळला. खाली मिलिटरीचा हिरवा निघाला. तोही थोडा जाळला तर शेपटीवर एका ठिकाणी पांढरा चौकोन आणि त्यात अर्धवट आकडा दिसला.

"हा माझ्या हातचा," बाबा म्हणाले. "गाडी आमच्या वर्कशॉपात आली तेव्हा नंबर मीच घातला होता. मग लिलावात आली, म्हणून तर घेतली." वीस वर्षांत हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

डेंटरने कटर हातात घेतलं आणि माझ्याकडे न बघता बाबांकडे पाहिलं. "बाउजी, काटूँ? एक बार कटा तो कटा."

"मुझसे क्या पूछता है," बाबा हिंदीत म्हणाले, "गाडी इनकी है. यादी भी इनकी."

मडगार्डची मागची लांब शेपटी आठ बोटं कापली, मडगार्डच्या आधाराच्या पट्ट्या छोट्या केल्या आणि अख्खं मडगार्ड दोन इंच खाली आणलं. कापलेला तुकडा बाबांनी रुमालात गुंडाळून घरी आणला. मी गाडी स्टँडवर चढवली, टायर आणि मडगार्डच्या मधली फट पट्टीने मोजली: साडेतीन इंच. भरपूर. यादीत लिहिलं, सही केली. बाबांनी वाकून पट्टी स्वतः लावली, साडेतीन इंच, सही केली.

पुढच्या बुधवारी सीट आली. काळं रेक्झिन, कडेला पांढरी बारीक गोट, पुढून मागे सरळ रेघ. बसवली. स्टँडवरून खाली घेतली. मी बसले आणि दोन्ही पाय खाली सोडले.

टाचा टेकल्या. पूर्ण टेकल्या. मी दोन-तीन वेळा पाय उचलून पुन्हा ठेवले, कारण विश्वास बसत नव्हता. बाबा गुडघ्यावर बसले आणि माझ्या टाचेखाली पोस्टकार्ड सरकवून पाहिलं. सरकलं नाही. म्हणाले, "पास." आई बाल्कनीतून बघत होती. तिने वरून विचारलं, "उतरता येतंय का आता?"

स्टँडची अट मला आधीपासून जमत होती. त्यात ताकद कमी, युक्ती जास्त. पाय स्टँडच्या दांडीवर, सगळं वजन त्या एका पायावर, आणि हाताने गाडी फक्त धरायची. किकचंही तेच. अँपियर मीटरची सुई मध्यावर आणायची, मग किकवर चढून अख्खं अंग खाली सोडायचं. पुढे आठवडाभर मी रोज पहाटे सेक्टरच्या रिकाम्या रस्त्यांवर गाडी फिरवली. तिथे तेव्हा प्लॉट जास्त होते आणि घरं कमी. पहिल्या दिवशी दोनदा बंद पडली. चौथ्या दिवशी दूधवाल्याने सायकल बाजूला घेतली आणि सलाम ठोकला. एकटीला गाडीने कधी त्रास दिला नाही.

मुदतीच्या आधीचा शनिवार. बाबा खाकी शर्ट, कँटीनचं कार्ड आणि दोन कापडी पिशव्या घेऊन मागे बसले. ते ऐंशी किलोचे. गाडी मागून खाली बसल्याचं मला जाणवलं, पण ते अपेक्षितच होतं. सेक्टरमधून बाहेर निघालो, निजामुद्दीन पुलाकडे वळलो. बाबा मागून सूचना देत होते. "तिसरा. आता चौथा. ट्रकच्या मागे राहू नकोस. हॉर्न दे. आता दिलास, उशीर झाला."

पुलाच्या सुरुवातीला रस्ता खडबडीत होता. पहिल्या खड्ड्याला मागून 'खर्र' असा आवाज आला. दुसऱ्याला पुन्हा. तिसऱ्याला जळक्या रबराचा वास. बाबा म्हणाले, "बाजूला घे."

मी गाडी पुलावर कडेला घेतली. पाय खाली, दोन्ही टाचा टेकलेल्या. बाबा उतरले, कमरेत वाकले आणि मागच्या चाकाखाली हात घातला. टायरच्या मधोमध एक चकचकीत पट्टा घासला गेला होता. मडगार्डच्या आतून बोल्टची डोकी चाकाला लागत होती.

"फट किती होती?" त्यांनी विचारलं.

"साडेतीन इंच. तुम्ही पण मोजली."

"मोजली कधी?"

मी उत्तर देणार होते आणि तेवढ्यात मला कळलं. गाडी स्टँडवर असताना. स्टँडवर मागचं चाक हवेत लोंबतं, धक्के झेलणारे शॉकअप पूर्ण उघडे, फट सगळ्यांत मोठी. आमच्या घरात गाडीची प्रत्येक गोष्ट स्टँडवर मोजली जायची. प्लग, चेन, ब्रेक, सगळं. पायांची उंची तेवढी मी गाडी खाली घेऊन मोजली होती, कारण पाय माझे होते. मडगार्डच्या वेळी डोक्यातच आलं नाही.

बस शेजारून जात होत्या. एका बसमधून कोणीतरी ओरडलं, "बाउजी, धक्का दे दें?" बाबांनी तिकडे पाहिलंही नाही. मला वाटलं आता म्हणतील, अट मोडली, वाटेत थांबलीस. तसं ते म्हणाले असते तर ते बरोबरच असतं. सही केलेली होती.

त्यांनी खिशातून माझी घडी घातलेली यादी काढली. बोट लावत लावत एकोणिसाव्या ओळीवर आले. 'मडगार्ड-टायर फट.' माझी सही. शेजारी त्यांची.

"तपासणारा चुकला," ते म्हणाले.

"करणारी पण चुकली."

"करणारी चुकतेच. म्हणून तर तपासणारा ठेवतात." त्यांनी यादी परत खिशात घातली. "एवढी वर्षं वर्कशॉपात काढली आणि टांगलेल्या चाकाला माप लावलं. कोणाला सांगू नकोस."

मी गाडी एकटीने घरी आणली, बाबा बसने आले. संध्याकाळी त्यांनी व्यापाऱ्याला फोन लावला. आमच्याकडे फोन येऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. बाबा त्यावर बोलताना उभे राहत. "एक हफ्ता और. नहीं, दाम की बात नहीं है. मेरी तरफ से गलती हुई है, इसलिए." पलीकडून काहीतरी बोलणं झालं. "ठीक है. अगले इतवार सुबह आ जाना. गाडी रही तो ले जाना." फोन ठेवून ते मला म्हणाले, "माझ्या चुकीचा एक आठवडा तुला मिळाला. तुझ्या चुकीचा मिळणार नाही."

रविवारी मी करोल बागेत मास्टरजींसमोर उभी राहिले. मागे सरळ रेघेची सीट, रिक्षातून आणलेली. त्यांनी एकदा सीटकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "दो सीढी?"

"दो सीढी."

"पहले मान लेतीं तो रेक्झिन बचता." मग म्हणाले, "पीछे कौन बैठेगा?"

"पिताजी."

"वजन?"

"अस्सी किलो."

त्यांनी कागदावर अस्सी लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. याद्या करणारा माणूस आपल्याला लगेच ओळखू येतो. मला ते त्याच क्षणी आवडले.

या वेळी माप गाडी जमिनीवर ठेवून घेतलं. मी पुढे, बाबा मागे, आणि आई हातात पट्टी घेऊन खाली बसलेली. तिने चष्मा वर सरकवत मोजलं आणि म्हणाली, "दीड बोट. तुमच्या इंचात किती ते तुम्ही बघा." मडगार्ड दोन इंच वर, होतं तिथे परत गेलं, डेंटरने पट्ट्या पुन्हा लांब केल्या. कापाकापीत पत्रा मागच्या बाजूला जरा कमजोर झाला होता. तिथे बाबा बसणार. आतून दुसरा पत्रा लावायला हवा, डेंटर म्हणाला. बाबांनी रुमाल सोडला आणि कापलेला तुकडा पुढे केला. "यही लगा दे. इसी का है."

तो तुकडा ठोकून, वाकवून, आतल्या बाजूने वेल्ड झाला. बोल्टची डोकी बाहेरच्या बाजूला वळवली. सीटचा पुढचा भाग खाली, टाकीला चिकटून, टोकाला अरुंद. मागचा भाग एक पायरी वर, मडगार्डच्या गोलाईवर नीट बसलेला. पांढरी गोट दोन्ही पायऱ्यांवरून वळसा घेऊन फिरलेली. मास्टरजींनी पायरीच्या वळणावर टाके इतके जवळ घातले होते की बोट फिरवलं तर जाणवत नव्हते. गाडी शोरूममधल्या कुठल्याच गाडीसारखी दिसत नव्हती. मी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मला हसू आवरत नव्हतं.

शनिवारी सकाळी आम्ही पुन्हा निघालो. तोच खाकी शर्ट, त्याच पिशव्या. फरक असा की बाबा आता माझ्यापेक्षा एक पायरी वर बसले होते. त्यांना माझ्या डोक्यावरून रस्ता दिसत होता. पुलाच्या खडबडीत भागात मी कान मागे लावून बसले होते. खड्डा आला. आवाज आला नाही. दुसरा आला. फक्त पिशवीतल्या रिकाम्या तेलाच्या डब्याचा खडखडाट. मागून बाबा म्हणाले, "गाडी चालव. कान मी लावलेत."

रिंग रोडवर सूचना सुरू होत्या. लाजपतनगरपर्यंत मी मोजत होते, अकरा झाल्या. मग कमी होत गेल्या. धौला कुआँच्या चौकात सिग्नलला मी थांबले, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवले आणि शेजारच्या चकचकीत शंभर सीसीवरच्या तरुणाने गाडीकडे वाकून पाहिलं. "अंकलजी, कौन सा मॉडल है?"

"इनसे पूछो," बाबा म्हणाले. "गाडी इनके हात में है."

कँटीनबाहेर रांग होती. बाबांच्या ओळखीचे दोन निवृत्त गडी बाकावर बसले होते, एक कोल्हापूरकडचे, एक नगरकडचे. कोल्हापूरवाले उठून उभे राहिले.

"काय हवालदारसाहेब, नवा ड्रायव्हर?"

"ट्रायलवर आहे," बाबा म्हणाले.

"पोरगी एवढीशी आणि गाडी केवढी. पाय पुरतात का?"

"बघून घ्या." आणि बाबा मला म्हणाले, "दाखव त्यांना."

मी पुन्हा गाडीवर बसून टाचा टेकवून दाखवल्या. नगरवाले खाली वाकून, मान वाकडी करून बघत होते. "टेकल्या की," ते म्हणाले. "सीट कुणी बनवली? दोन मजली?"

"डिझाइन करोल बागचं, यादी हिची, तपासणी माझी," बाबा म्हणाले, आणि तपासणीबद्दल आणखी काही सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

साबण, साखर, चहा, तेल, आईसाठी एक प्रेशर कुकर. सगळं दोन पिशव्यांत आणि बाबांच्या मांडीवर. परतीच्या वाटेवर सामानासकट वजन आणखी वाढलं होतं. पुलावर तेच खड्डे आले. आवाज नाही, वास नाही. मागून एकही सूचना नाही. मधेच मला शंका आली की बाबांना झोप तर लागली नाही ना, म्हणून मी विचारलं, "बाबा?"

"काय?"

"काही नाही. बोलत नाही आहात."

"बोलायला काही नाही," ते म्हणाले.

घरासमोर मी गाडी थांबवली. ते उतरले, मी उतरले, पाय दांडीवर ठेवून गाडी स्टँडवर चढवली. बाबांनी टायरवरून हात फिरवला, तळवा पाहिला, स्वच्छ होता. मग आत जाऊन गाडीची वही घेऊन आले. मीटरवरचा आकडा लिहिला. 'नोएडा ते कँटोन्मेंट कँटीन व परत.' कारण: 'सामान.' मग वही माझ्याकडे सरकवली आणि पेन दिलं.

"चालकाच्या रकान्यात."

मी सही केली. वर पानभर त्यांच्या सह्या होत्या, एकाखाली एक, तिरक्या, घाईच्या. सर्वांत खाली माझी, जरा मोठीच झाली. बाबांनी ती पाहिली. "रकान्याबाहेर गेली," ते म्हणाले. "पुढच्या वेळी आत बसव." आणि चावी वहीवर ठेवून, पिशव्या उचलून आत गेले. व्यापारी रविवारी सकाळी आला. आईने त्याला चहा दिला. तो दोन पायऱ्यांच्या सीटकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग मास्टरजींचा पत्ता मागितला. तो मात्र मी दिला नाही.

सोमवारी सकाळी चार्टर्ड बस चौकातून सुटत होती तेव्हा मी तिच्या शेजारून गेले. माझ्या जागेवर कोणी दुसरी बसली होती. खिडकीजवळच्या शेजारणीने विणकाम वर करून हलवलं.

आता ती गाडी माझ्या बाल्कनीखाली आहे. सीटचं रेक्झिन दोनदा बदललं, दोन्ही वेळा पायरी तशीच ठेवली. बाबा शेवटच्या वर्षापर्यंत दर महिन्याला तिच्या वरच्या पायरीवर बसून कँटीनला आले. वह्या पाच भरल्या, सहावी सुरू आहे. मागच्या रविवारी मडगार्ड धुताना आत हात घातला. तो वेल्ड केलेला तुकडा बोटांना लागतो, त्याच्यावर हिरवा रंग अजून थोडा आहे. फट मोजली. गाडी जमिनीवर ठेवून, शेजारच्यांना मागे बसवून. यादीत लिहिलं आणि दोन्ही चौकोनांत सही केली, कारण तपासणारी आता मीच आहे.